अक्कलहुशारीने

पेंटरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पत्र्याच्या दारावर डकवलेल्या नोटिशीला जवळजवळ नाक टेकवलं आणि खिशातली पेन्सिल काढून एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली.

"भाऊजी, सरकारी कागद आहे तो!" सुतारीणबाई आतून ओरडल्या.

"असेना. 'मानसिक'ची वेलांटी दीर्घ काढलीय. एखाद्याच्या डोक्याबद्दल लिहायचं तर निदान शुद्ध तरी लिहावं."

सुतारीणबाई रंधा खाली ठेवून बाहेर आल्या. त्यांच्या केसांत, भुवयांवर लाकडाचा भुसा होता. नोटीस त्यांनी सकाळीच वाचली होती आणि ती पेंटरांना कशी सांगायची या विचारात सकाळपासून एकच फळी पुन्हा पुन्हा तासली होती.

गावाबाहेरच्या रस्त्याला लागून असलेली ही शेड आणि तिच्यामागचं मोकळं आवार पेंटरांनी सुतारीणबाईंना विकलं होतं. खरेदीखत झालं, सह्या झाल्या, शिक्के बसले. आता जमिनीच्या दप्तरात पेंटरांचं नाव कमी होऊन बाईंचं चढायचं होतं, पण त्या नोंदीला हरकत आली होती. विक्रेता वयोवृद्ध असून त्याचे मानसिक संतुलन ढळलेले आहे. खरेदीदार स्त्रीने त्याच्या अवस्थेचा गैरफायदा घेतला आहे. सबब नोंद करू नये. खाली सुनावणीची तारीख होती आणि तिच्याखाली हरकतदारांची नावं.

पेंटरांनी नावं शेवटी वाचली. पहिलं नाव मुलाचं होतं. आयुष्यभर त्यांनी गावातल्या निम्म्या दुकानांची नावं रंगवली, पण हे नाव एकदाच रंगवलं होतं, मुलाच्या औषधांच्या दुकानाच्या पाटीवर. त्यासाठी नवा ब्रश आणला होता. दुसरं नाव लेकीचं.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग पुन्हा बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवली.

"भाऊजी, आपण हे रद्द करून टाकू," सुतारीणबाई म्हणाल्या. "मी भाडं देत होते, तशीच देईन. लोक काय काय बोलायला लागलेत. माझं सोडा, पण तुमच्या घरात माझ्यामुळे विस्तव पडायला नको."

"लोक काय बोलतात?"

"ते माझ्या तोंडून कशाला ऐकता?"

पेंटर हसले. "या वयात माझ्याबद्दल कुणी असलं काही बोलत असेल, तर वहिनी, मला त्याचे आभार मानले पाहिजेत."

सुतारीणबाईंना हसू आलं नाही. पेंटर शेडमध्ये शिरले आणि आपल्या जुन्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. त्या कोपऱ्यात आता रंगाचे डबे नव्हते, दाराच्या चौकटी उभ्या होत्या. पूर्वी ही शेड दोघांत वाटलेली असायची. इकडे सुतार फळ्या तासून गुळगुळीत करायचा आणि तिकडे पेंटर त्यांच्यावर अक्षरं काढायचे. दिवसभर दोघं एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचे. सुताराच्या छातीत भुसा साठत गेला आणि एका हिवाळ्यात सुतारच संपला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याची बायको बसली होती. पेंटर तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, वहिनी, शेड तुमचीच. तिथून तुम्हाला कुणी उठवायचं नाही.

तिने नवऱ्याचा रंधा उचलला. आधी पाट केले, मग स्टुलं, मग खिडक्या. बाईमाणसाने केलेलं दार घरात बसवायचं का, यावर गावात बरीच मजा झाली. मग दारं बसायला लागली आणि मजा संपली. आता तिच्या हाताखाली दोन बायका शिकत होत्या.

"रद्द करायचं नाही," पेंटर म्हणाले. "सही मी केलीय. तिला कुणी वेडी म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही."

बायको गेल्यापासून पेंटर मुलाकडे राहत होते. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले, पण ताटाला हात लावला नाही. मुलगा समोर बसला होता. आज नोटीस लागणार हे त्याला ठाऊक असावं, कारण दुकान त्याने लवकर बंद केलं होतं.

"मला वेडा ठरवलंस?"

"वेडा कुठे म्हटलंय, बाबा? संतुलन म्हटलंय."

"म्हणजे वेड्याला टोपी घातली."

"गेल्या आठवड्यात तुम्ही गॅस चालू ठेवून फिरायला गेलात. घरात पोर झोपली होती." मुलाचा आवाज चढला नाही. बहुधा त्याने हे बोलणं मनात बरेचदा घोकलं होतं. "त्याच्या आधी कटिंगला गेलात आणि बसस्टँडवर सापडलात."

"पाय मोकळे करायला गेलो होतो."

"गळ्याला न्हाव्याचं कापड बांधून?"

पेंटरांनी पाण्याचा पेला उचलला. घोट घेतला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"अर्धे केस कापलेले होते, बाबा," मुलगा म्हणाला. "तो न्हावी माझ्या दुकानात धावत आला. मी गावभर स्कूटर फिरवली. मला काय काय दिसत होतं डोळ्यांपुढे, तुम्हाला माहीत नाही."

सुनेने वाटी पेंटरांच्या जवळ सरकवली. "बाबा, तुमचं वाईट चिंतून नाही हो केलं हे. तुम्हीच सांगा, रस्त्याकडेची जागा. ते गोदामवाले ती घ्यायला दारात येऊन बसलेत. आणि तुम्ही कुणाला न विचारता त्या बाईंना देऊन मोकळे. तेही अर्ध्या भावात. उद्या तुमच्या औषधपाण्याला लागलं तर?"

"जागा माझी होती."

"होतीच," मुलगा म्हणाला. "पण डोकं ठिकाणावर होतं का, एवढंच विचारतोय मी."

"मग सुनावणीला येतो, तिथे विचार."

"तुम्ही नाही आलात तरी चालतं. वकील म्हणाले."

"चालेल कसं? डोकं तपासायचंय माझं, आणि मीच घरी बसू?"

ते उठले आणि हात धुवायला गेले. हात धुऊन झाले तरी नळ बराच वेळ वाहत राहिला. शेवटी सून उठली आणि तिने तो बंद केला.

सुनावणीच्या दिवशी पेंटरांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॅलेंडरसमोर उभं राहून ओठ हलवत काहीतरी पुटपुटले. स्कूटरवर बसायला त्यांनी नकार दिला. हरकतदाराच्या गाडीवरून कसा जाऊ, म्हणाले, आणि चालत निघाले. मुलगा स्कूटर सावकाश चालवत त्यांच्या मागून गेला. गावाने ही वरात पाहिली. पानाच्या दुकानावरचा एकजण म्हणाला, "पेंटर, पोलीस मागे लागलाय वाटतं!"

"पोलीस बरे," पेंटर म्हणाले. "ते निदान घरात राहत नाहीत."

कार्यालयाच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्याच्या एका टोकाला अधिकारीबाई आणि दुसऱ्या टोकाला दप्तर उघडून बसलेला कारकून. भिंतीलगतच्या बाकावर लेक आधीच येऊन बसली होती. परगावाहून पहाटेच निघाली असावी. तिने उठून वडिलांचा हात धरायला हात पुढे केला आणि काहीतरी आठवल्यासारखा मागे घेतला. सुतारीणबाई दाराजवळ उभ्या होत्या. आज त्यांच्या केसांत भुसा नव्हता, त्यामुळे त्या ओळखू येत नव्हत्या.

मुलाचा वकील तरुण होता, चेहऱ्याने भला. त्याने आधी नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाला, "आजोबा, आज वार कोणता?"

"बुधवार. तुमच्या लक्षात राहत नसेल, तर मागे कॅलेंडर आहे."

कारकुनाला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात बुडवलं.

"जागा कुणाला विकलीत?"

पेंटरांनी दाराकडे बोट केलं. "यांना."

"बाजारात भाव काय चाललाय, माहिती होतं?"

"होतं. पाट्यांचे दरही आयुष्यभर मीच ठरवले. एखाद्याकडून चौपट घ्यायचो, एखाद्याला फुकट रंगवून द्यायचो. तेव्हा कुणी माझं डोकं तपासलं नाही."

अधिकारीबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. सुतारीणबाईंचा श्वास मोकळा झाला. मुलगा मात्र आपल्या बुटांकडे पाहत होता. वकील कागद चाळत थांबला, मग त्याने सहज, घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मुलगा, सून, नात. आणि ही."

"ही म्हणजे?"

"ही म्हणजे... याची आई." पेंटरांनी मुलाकडे हात केला.

खोलीत पंख्याचा आवाज होता, तो एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"त्या आत्ता घरी आहेत?" वकिलाने हळू विचारलं.

"असणारच. ती कुठे जातेय? तिला तर बाहेर..."

लेकीने ओठांवर मूठ दाबली. वकिलाने अधिकारीबाईंकडे पाहिलं. "मला आणखी काही विचारायचं नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता.

पेंटरांना काय झालं ते कळलं नाही. ते एकेकाकडे पाहत गेले. कारकुनाने मान खाली घातली होती. सुतारीणबाई भिंतीकडे वळल्या होत्या. शेवटी त्यांची नजर मुलाच्या तोंडावर आली. हेच तोंड, असंच वेडंवाकडं झालेलं, त्यांनी यापूर्वी एकदा पाहिलं होतं. पलंगावरची चादर वर ओढून नर्स बाजूला झाली होती तेव्हा.

पेंटर टेबलाचा काठ धरून उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "चुकलं माझं. ती गेली. आत्ता आठवलं."

"बसून बोला, आजोबा," अधिकारीबाई म्हणाल्या.

"नको. उभ्यानेच सांगतो, आणि तुम्ही ते लिहून घ्या. विसरतो मी. गॅस चालू ठेवला होता. न्हाव्याचं कापड बांधून बसस्टँडवर गेलो होतो. मुलगा खोटं बोलत नाही."

वकील अर्धवट उठला. मुलाने त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"आता पुढचं लिहा. मी विसरायला लागलोय, हे यांच्या आधी मला कळलं. रंगवताना एकदा पाटी अर्ध्यात आली आणि पुढचं अक्षर कसं काढायचं तेच सुचेना. ज्या हाताने हजारो पाट्या केल्या, तो ब्रश धरून तसाच लोंबकळत राहिला. मग मी शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. घरी सांगितलं, रंग आणायला जातोय. त्यांनी तपासलं, फोटो काढले, आणि सांगितलं की हे आता थांबणार नाही. आधी कालचं जाईल, मग परवाचं, असं जात जात राहील. मी विचारलं, सही कधी जाईल? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. जे आवरायचं असेल ते आवरून घ्या."

मुलाने मान वर केली होती.

"या बाईंना मी शब्द दिला होता. दवाखान्याच्या पायरीवर, तोंडी. साक्षीदार कुणी नाही. तो शब्द माझ्या डोक्यात होता, तेवढाच. आणि डोक्याचं तर हे असं. म्हटलं, आता हा डोक्यात ठेवून भागणार नाही. म्हणून कागदावर उतरवला. जाण्याआधी."

"मुलांना का नाही सांगितलंत?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर यांनी सही करू दिली असती?"

उत्तरासाठी ते मुलाकडे वळले. मुलाने नजर पुन्हा बुटांकडे वळवली.

अधिकारीबाईंनी खरेदीखत जवळ ओढलं, पान उलटलं आणि त्यातली एक ओळ सावकाश वाचली. "'मी हे खरेदीखत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे.' हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं?"

"दाखवलं होतं."

"समजून सही केलीत?"

"होती नव्हती तेवढी सगळी अक्कल लावली, बाई," पेंटर म्हणाले. "शिल्लक काही ठेवली नाही. हवं तर त्याच्याबद्दल मला बोल लावा."

बाकावरून लेक उठली. "माझं नाव काढा हरकतीतून," ती म्हणाली. "मला दादाने सांगितलं तेव्हा मी सही केली. आता काढा."

अधिकारीबाईंनी मुलाकडे पाहिलं. "आणि तुमचं?"

त्याने आधी बहिणीकडे, नंतर वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझं राहू द्या."

लेकीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. पेंटरांना मात्र नवल वाटल्याचं दिसलं नाही. उलट ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मान किंचित हलवली, एखादी ओळ सरळ आल्यावर हलवावी तशी.

अधिकारीबाईंनी निकाल तिथेच सांगितला. खत नोंदलेलं आहे. ज्याने जागा विकली तो समोर उभा राहून विकली म्हणतो आहे. खत खरं की खोटं हे ठरवणं या टेबलाचं काम नाही. ज्याला ते मोडायचं असेल त्याने कोर्टात जावं, आणि कोर्ट जे सांगेल ते इथे लिहिलं जाईल. तोवर नोंद होईल.

"वाचा," त्या कारकुनाला म्हणाल्या.

कारकुनाने नवीन मालकाचं नाव मोठ्याने वाचलं. आधी बाईंचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. सुतारीणबाई दचकल्या. लग्न आणि दवाखाना सोडला, तर त्यांना पुऱ्या नावाने कुणी पुकारलं नव्हतं. त्या टेबलाजवळ आल्या. अंगठा नको, मला सही येते, असं न विचारताच म्हणाल्या आणि त्यांनी इतका जोर लावून सही केली की खालच्या पानावरही ती उमटली.

बाहेर ऊन तापलं होतं. लेक सुतारीणबाईंशी काहीतरी बोलत व्हरांड्यात उभी राहिली. पेंटर पायऱ्या उतरून आले. मुलगा स्कूटरपाशी उभा होता, किल्ली लावून, पण चालू न करता.

"मी कोर्टात जाणार आहे, बाबा."

"जा की."

"वकील म्हणतात, केस भक्कम झाली. तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत."

"केलं. आणि तिथेही करीन." पेंटरांनी आपण होऊन स्कूटरच्या मागच्या सीटवर टांग टाकली. सकाळी पाळलेला बहिष्कार त्यांना आठवत नव्हता, की आठवून त्यांनी तो सोडला होता, ते कळायला मार्ग नव्हता. "फक्त एक कर. तारीख लवकरची माग. अजून मला भांडता येतंय. पुढे पुढे तू एकटाच भांडत बसशील, त्यात काय मजा?"

वकील काळा कोट हातावर टाकून घाईघाईने पायऱ्या उतरत आला. "मग दावा कधी दाखल करायचा? उद्या कागद घेऊन येताय?"

मुलगा त्याच्याकडे पाहत राहिला. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नसावा. मग त्याने मान मागे वळवली.

"शहरात त्या डॉक्टरकडे एकटेच गेला होतात?"

"एकटाच."

"आणि परत कसे आलात?"

पेंटरांनी जरा आठवून पाहिलं. "रस्ता चुकलो होतो. दोनदा भलत्याच बसमध्ये बसलो," ते म्हणाले. "विचारत विचारत आलो. पण आलो ना?"

वकील अजून उत्तराची वाट पाहत होता. मुलाने हात मागे नेला, सीटचा दांडा धरून बसलेले वडिलांचे दोन्ही हात सोडवले आणि आपल्या पोटाशी ओढून घेतले. मग स्कूटर चालू केली.